मसुदा, ऑक्टोबरचा

प्रिय रहिवासी,
इथवर दर महिन्याला सोपं जातं.
पुढचं मिसेस हार्डकासल लंडनहून फोनवर सांगतात
आणि मी गूलच्या ऑफिसात लिहून घेते.
खाली केकचं दुकान, वर आम्ही.
खिडकीतून पाण्याच्या दोन टाक्या दिसतात,
एक विटांची सडपातळ, एक पांढरी जाडजूड,
गाव त्यांना मीठ-मिरी म्हणतं.

"बसचं लिही," त्या म्हणतात,
"मंत्र्यांना भेटले. चर्चा सकारात्मक झाली."
मी सकारात्मक लिहिते.
वडील पंचायत समितीत बारनिशी सांभाळायचे,
हा शब्द मी त्यांच्या टेबलावर
टाचणीच्या डबीइतकाच रोज पाहिलाय.

"आणि देखभालीच्या विधेयकावर बोलले, तेही घे."
बोलल्या खऱ्या. मी जागून पाहिलं.
अकराला दहा कमी,
मागं हिरवी रिकामी बाकं,
एक सभासद बुटाची नाडी सोडून बसलेला,
बाईंना चार मिनिटं.
तिसऱ्या मिनिटाला त्या म्हणाल्या,
माझ्या भागातली एक मुलगी
आईला पलंगावरून उचलता उचलता
स्वतःच पाठ धरून बसलीये,
आणि पुढचं वाक्य त्यांना कागदावर सापडेना.
पानं उलटल्याचा आवाज तेवढा माइकमध्ये आला.
पत्रात हे बसत नाही.
पत्रात बसतं: मुद्दा प्रभावीपणे मांडला.

सप्टेंबरचं पत्र परत आलंय.
एडविन स्टँपर दर महिन्याला पाठवतात,
पेन्सिलीनं तपासून.
गोदीत एकोणचाळीस वर्षं कोळशाची मोजदाद केली त्यांनी,
चुकीची बेरीज दिसली की हात थांबत नाही.
बायको स्नेथच्या केअर होममध्ये.
सात मैल.
बस आता फक्त मंगळवारी,
टॅक्सी जाऊन-येऊन चव्वेचाळीस पाउंड.
बुधवारी तिनं विचारलेलं
ते पुढच्या मंगळवारी ऐकतात,
तोवर ती प्रश्न विसरलेली असते.

'पाठपुरावा चालू आहे'
या ओळीखाली त्यांनी रेघ मारलीये
आणि समासात बारीक अक्षरात:
कुठवर पोचला?
स्नेथवरून जाणार असेल तर
मला गुरुवारी घेऊन जाऊ दे.

मी हे फोनवर वाचून दाखवलं.
पलीकडे बराच वेळ नुसती लिफ्टची घंटी.
मग, "शनिवारी दरबाराआधी माझी गाडी मोकळी असते.
विचार त्यांना."
आणि लगेच, "हे पत्रात नको."

विचारलं.
स्टँपर म्हणाले, बाईंचे आभार,
पण मी गाडी मागितलेली नाही.

सोमवारी पाकीट आलं, तिकीट न लावलेलं,
स्वतः जिना चढून दाराखालून सरकवलेलं.
आत नावं.
मिसेस ओल्डरॉइड, मुलगा, सोमवार-शुक्रवार.
कझिमिएर्झ, डायलिसिस, आठवड्यातून तीनदा.
टॉलंड बहिणी, दोघी, चष्म्यासाठी.
प्रत्येकापुढं उभ्या रेघा,
पाचवी आडवी,
गोदीतल्या गोण्या मोजाव्यात तशा.
शेवटी एकूण फेऱ्या, दोनदा तपासलेल्या.
स्वतःचं नाव सगळ्यांत खाली,
इतकं पुसट की आधी मला दिसलंच नाही.

सरकारी काम अन् सहा महिने थांब,
वडील हसून म्हणायचे,
पण आलेला कागद त्याच दिवशी चढवायचे.
मी वही उघडली, आवक नंबर टाकला, तारीख टाकली.
मग बाईंना फोन.
"सकारात्मक काढू का?"
"काढ."
"मग काय घालू?"
"मंत्री बघतो म्हणाले, असं लिही.
आणि लिही की अजून बघितलेलं नाही.
...थांब, नावं किती आहेत म्हणालीस?"

बारा, मी म्हटलं,
आणि बोट खाली नेत
पहिल्यापासून वाचायला लागले.