एकोणीस सेकंद

डाबऱ्यांनी टेबलावर तीन टर्बो मांडले,
खाली शनिवारचा पेपर, शेअरबाजाराचं पान.
कलिन्याच्या त्या गाळ्यात
दुपारी तीनलाही ट्यूबलाइट लागते.

पहिला लहान, नारळाच्या कवटीएवढा.
"हा गुणी. पाय ठेवलात की हजर.
पण वरती त्याला धाप लागते."
तिसऱ्याच्या तोंडात माझी मूठ सहज गेली.
"हा झोपाळू. चार हजार आरपीएमपर्यंत कूस बदलत नाही,
आणि उठला की घर डोक्यावर घेतो."
मधल्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

मी मोठ्याचं चाक बोटानं फिरवलं.
पाती अशी, की कुणीतरी धातूचा कागद करून
त्याला वाऱ्याची घडी घातलीय.
गाडीनं टाकून दिलेला श्वास एका बाजूनं येतो,
तोच दुसऱ्या बाजूचं चाक फिरवून
तिच्या छातीत नवी हवा कोंबतो.
हे मला दहा वर्षं माहीत आहे
आणि दर वेळी खोटं वाटतं.

चारशे घोडे.
हा आकडा मी दोन वर्षं खिशात घेऊन हिंडतोय,
कुणी विचारलं तर सांगायला.
कुणी विचारत नाही.
शर्वाणीनं एकदा विचारलं होतं,
"बांधणार कुठे? पार्किंग एकच आहे आपल्याला."

"टर्बो एकटा येत नाही, विजयकर," डाबरे म्हणाले,
"मागून वरात येते त्याची.
इंटरकूलर, इंजेक्टर, क्लच, मग रॉड,
आणि शेवटी गिअरबॉक्स रुसून बसतो मांडवात.
वर ह्याला शंभर ऑक्टेन पाजा,
साध्या पेट्रोलवर ठोके देईल."

मग तौसीफनं लॅपटॉप आणला.
आठवडाभर माझ्या ऑक्टेव्हियात एक यंत्र बसवलं होतं त्यांनी,
मी विसरूनही गेलो होतो.
सातशे अकरा मिनिटं गाडी चालू.
त्यातली चार हजारांच्या वर:
एकोणीस सेकंद.

मी हिशेब मांडला.
सहा अटल सेतूवर, पहाटे, शंभरच्या पाटीपर्यंत.
चार कोस्टल रोडच्या बोगद्यात,
काचा खाली करून, दुसऱ्या गिअरमध्ये, नुसता आवाज ऐकायला.
पाच एका काळ्या मर्सिडीजशी,
जिला बहुधा शर्यत लागल्याचं माहीतच नव्हतं.
उरलेले चार आठवेनात.

"बुधवार, रात्री साडेनऊ," तौसीफ म्हणाला, "पण स्पीड शून्य."

बुधवारी
शर्वाणीनं बंगळुरूच्या बदलीचं पत्र दाखवलं होतं.
मी म्हणालो, "बघू."
जेवणाचं ताट ठेवून खाली आलो,
पार्किंगमध्ये, न्यूट्रलमध्ये,
अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून धरला.
दुसऱ्या मजल्यावरच्या म्हात्रेकाकूंनी खिडकी लावली.

"बूस्ट बघा पण," डाबऱ्यांनी आलेखावर नखं टेकवली,
"पार सपाट.
न्यूट्रलमध्ये दाब बनत नाही. लोड लागतो.
तुम्ही नुसता आवाज केलात."

बाहेर कुणी फॅब्रिकेटरवाला सायलेन्सर कापत होता,
ठिणग्या गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन विझत होत्या.
मी मधल्याचे पैसे दिले. अर्धे आता,
अर्धे तीन आठवड्यांनी, माल बसल्यावर.
डाबऱ्यांनी मोठा पुन्हा पेपरात गुंडाळला
आणि वरच्या फळीवर, दुसऱ्या कुणासाठी, ठेवला.

घरी शर्वाणी कढईपाशी.
"कुठला घेतलास?"
"मधला."
"म्हणजे कसा?"
बोटांना ग्रीस होतं,
मी हात पाठीमागे धरून उभा राहिलो.
बराच वेळ गेला. पूर्वी यापेक्षा जास्त जायचा.
"बंगळुरूला कधी हजर व्हायचंय तुला?"
तिनं माझ्याकडे पाहिलं
आणि गॅस बारीक केला.