दमट

रुवीत, घड्याळ-चौकाच्या मागच्या गल्लीत हमझाक्काचं दुकान.
पुढे फोन-कार्डं, नेलकटर, केळ्याचे वेफर्स;
मागे, झाडूशेजारी, कॉमिक्स.
गुरुवारी रात्री गेलो तर म्हणाला,
"तुझा माणूस आला रे. मोठ्यांच्यात आला."

माझा माणूस म्हणजे दमट.
तुम्हाला माहीत नसणार.
अकरा अंक चालला, काळापांढरा,
तोही दुसऱ्याच्या मासिकात, शेवटची चार पानं,
अलीकडे शब्दकोडं, पलीकडे केसांच्या तेलाची जाहिरात.
शक्ती एकच : हवेतलं पाणी मुठीत पिळून काढतो.
एका वेळी एक पेला.
अगदी शिरा ताणल्या तर दीड.
वाचकांची पत्रं आली ती एकूण तीन.
त्यातलं एक माझं.

आणि आता 'खाडीरक्षक', अंक दोनशेवा,
गुळगुळीत कागद, आठशे बैसा.
मुखपृष्ठावर पंख पसरलेला शाहीन,
मुठीत वीज धरलेली बर्का,
समुद्रतळाशी आठवडा काढणारा गव्वास,
कातळदेह, त्याच्या खांद्यावर ती जुळी,
आणि सगळ्यांच्या मागे, डावीकडे,
किमतीच्या चौकटीखाली
अर्धा कान.
मी कान ओळखला.

आत, साठाव्या मजल्यावर, गोल टेबल.
सहा खुर्च्या शिसवी, पाठीवर ज्याचं-त्याचं चिन्ह.
सातवी प्लास्टिकची, पॅन्ट्रीतून आणलेली.
"उडतोस?" बर्का विचारते.
नाही.
"भिंत फोडतोस?"
नाही.
"मग?"
तो टेबलावरचा रिकामा पेला उचलतो.
पुढच्या चौकटीत पेला भरलेला.
त्याच्या पुढच्या चौकटीत कातळदेह तो पिऊन टाकतो
आणि मिशी पुसतो.
झाली भरती.

वादी कबीरच्या वर्कशॉपमध्ये मलाही असंच विचारलं होतं.
वेल्डिंग? क्रेन? अवजड लायसन्स?
मी म्हटलं, एसीत गॅस भरतो.
फोरमनने रजिस्टरातून मान वर केली नाही,
नुसता बोटाने कोपरा दाखवला.

मग तांबड्या धुळीचा तो राक्षस येतो,
बंदर गिळतो, पूल मोडतो.
पानांमागून पानं नुसते धडाम आणि खळ्ळ.
दमट आठ पानं कुठेच नाही.
मोजली मी, बोट ठेवून.
एकतिसाव्या पानावर, तळाला, तिकिटाएवढी चौकट :
मोडक्या पुलाच्या सावलीत कोणी वॉचमन बसलाय,
बूट काढून.
शेजारी दमट उकिडवा.
वॉचमनच्या हातात पेला, जमिनीवर दोन रिकामे.
बोलण्याचा फुगा काढलाय, पण आत अक्षर नाही.
लिहायचं राहिलं असेल.
किंवा वॉचमन पाणी पीत होता, म्हणून.

इद्रिस मुकादम, राजिवड्याचा, माझ्या वरच्या बंकवरचा,
अंक उलटा धरूनच चाळतो.
"ह्याला पगार किती?"
लिहिलेलं नाही.
"म्हणजे ओव्हरटाइमही नाय," म्हणतो,
आणि कूस बदलतो; पलंग दोघांचाही हलतो.

ऑगस्टची रात्र. काचेला बाहेरून घाम.
खिडकीतला एसी पेंटच्या डब्यात ठिबकतोय.
दोनच्या सुमाराला डबा काठोकाठ येतो,
तेव्हा मी उठतो, रोजच उठतो,
आणि इद्रिसच्या कढीलिंबाला घालतो.
त्याला वाटतं, झाड आपोआप जगतंय.

आज मात्र झोप परत आली नाही.
मोबाइलच्या उजेडात पत्र लिहायला घेतलं :
संपादक महोदय, ती खुर्ची ताबडतोब बदला.
मग खोडलं.
राहू दे प्लास्टिकची.
शिसवी जागची हलत नाही;
ही एका हाताने उचलून
खाली पुलापर्यंत नेता येते.