मुद्देमाल क्रमांक सात

शिवाजीनगर कोर्टाची लिफ्ट आजही बंद.
जिन्याला बत्तीस पायऱ्या.
डावा पाय मोजूनच उचलावा लागतो, म्हणून माहीत.
दाव्यात त्या पायाची किंमत
अंकी आणि अक्षरी लिहिलेली आहे.

मुद्देमाल क्रमांक सात :
शेपटीच्या पंख्याचं बेअरिंग,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, लाखेच्या सीलखाली.
आईच्या पाटलीत सहज मावेल एवढं.
त्याच्या भरवशावर आम्ही चौघं हवेत होतो :
मी, नर्स; डॉक्टर; पायलट महाडकर;
आणि झटका आलेले एक आजोबा,
जे सारखे विचारत होते, चष्मा कुठंय.

कंपनीचे वकील फार सभ्य.
धुकं होतं? होतं.
पायलट थकला होता?
त्याला विचारा, म्हटलं मी, आणि गप्प झाले.
आवाज कसा होता?
मिक्सरमध्ये चमचा राहिल्यावर होतो तसा.
टायपिस्टनं टाइप केलं : ‘असामान्य आवाज’.

आज भोसरीचे लव्हाटे आले.
सत्तरीचे, कडक इस्त्रीचा शर्ट,
नखांत अजून तेलाची काळी रेघ.
सर्टिफिकेट दाखवलं : ही सही तुमचीच?
“सही माझी. वस्तू बघू द्या.”

सील फोडलं.
त्यांनी शिपायाला पंखा बंद करायला सांगितला.
बेअरिंग कानाशी धरलं, डोळे मिटले,
दोन बोटांनी फिरवलं,
मी छातीचे ठोके ऐकते तसं.
अर्धा फेरा. मग अडलं.
सगळं कोर्ट घामाघूम, आणि चिडीचूप.

“गोळ्या बाहेरच्या आहेत, साहेब. स्वस्तातल्या.
त्या महिन्यात मला शंका आली होती.
गाडी भरून गेटाशी उभी होती,
मी सही केली.”
हरकत, वकील म्हणाले, कानानं पोलाद कळतं का?
“चाळीस वर्षं ऐकतोय.”
हरकत मान्य.
कानाचं वगळलं; सहीचं राहिलं.
पंखा सुरू. पुढची तारीख एकोणीस.

उतरताना ते माझ्यापुढे होते.
मागे न बघता प्रत्येक पायरीवर थांबत होते,
त्यांचे गुडघे ठीक होते तरी.
तिसाव्या पायरीवर म्हणाले,
तुमची जबानी वाचली मी.
माफी मागतील असं वाटलं,
मी कठडा घट्ट धरला.

“त्या आजोबांचा चष्मा,” ते म्हणाले,
“सापडला का?”

सापडला.
काचेला ओरखडासुद्धा नव्हता.