कडी

सभा साडेअकराची होती. बाराला बंदुकीवर आली.

टिपणीस म्हणाले, त्याला क्लिप म्हणत नाहीत,
मॅगझिन म्हणतात.
मोकल म्हणाले, तेच ते.
तेच ते नव्हे, म्हणाले टिपणीस, आणि चष्मा पुसला.
ज्याला नाव धड माहीत नाही
त्यानं उपाय सांगू नये.

लांबच्या देशातली शाळा.
तीन दिवसांपूर्वी तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं,
आता तिच्या व्हरांड्याची लांबी
पहिलीच्या पालकांना तोंडपाठ.
कुणी म्हणालं, शिक्षकांच्या हाती हत्यार द्या.
माझ्या हाती हजेरीपट होता
आणि गौरांगनं अर्धं खाल्लेलं खोडरबर.
कुणी म्हणालं, आपल्याकडे असलं होत नाही.
आपल्याकडे कोयते निघतात, मोकल म्हणाले,
त्यांना मॅगझिन लागत नाही.
थोडं हसू आलं सभेला,
मग ते कुठं ठेवावं कळेना.

खिलारेंना मुद्दाम बोलावलं होतं,
सहकारी बँकेच्या दारातले, दुनळीवाले.
उठले. टोपी काढली. पुन्हा घातली.
"बारा वर्सं झाली. एकदाबी उडवली न्हाई.
वझं मात्र रोजचं. ह्यो खांदा बघा, खाली आलाय."
टिपणीसांनी विचारलं, बोर कितीची?
बारा, म्हणाले खिलारे, आणि बसले.

तेवढ्यात खाणीत सुरुंग उडाला,
दुपारचा, नेहमीचा,
शिरवण्याच्या डोंगराचा आणखी एक घास.
काचा थरथरल्या. आम्ही बोलत राहिलो.
वरच्या मजल्यावर पाढे चालू राहिले, बे साते चौदा;
मुलांना तो आवाज म्हणजे
डबा खायची वेळ जवळ आली.
खिलारे तेवढे दाराकडे बघत होते.
हळूच म्हणाले,
"बाई, वर्गाला आतनं कडी हाय का?"

नव्हती.
होती कधीतरी. एका पोरानं गणिताच्या तासाला
स्वतःला कोंडून घेतलं,
तेव्हा मोठ्या बाईंनी सगळ्या काढायला लावल्या.
दारांना चार-चार भोकं उरली,
मुलं त्यांत पेन्सिलीची टोकं मोडून ठेवतात.
बाहेरून कडी आहे. कुलूपही आहे.
पंखे चोरीला जाऊ नयेत म्हणून.

सभेत ठराव झाला: तीव्र निषेध, आणि एक उपसमिती.

तुर्भे स्टोअरहून मी अकरा कड्या आणल्या.
बिल अजून क्लार्कच्या टेबलावर आहे,
फर्निचरमध्ये टाकू की सुरक्षेत, तो विचारतो.
रविवारी फरीद सुतार आला,
ड्रिल लावलं, आणि हात थांबवला.
"मॅडम, किती उंचीवर?"

दीड तासाच्या वादात
हे कुणी विचारलंच नव्हतं.

खाली लावली तर गौरांग पहिल्याच दिवशी
अख्खा वर्ग कोंडून मला बाहेर नाचवेल.
वर लावली तर माझा हात पोचेल.
माझाच फक्त.
वर लावली, आणि मी जर
आधीच

फरीदनं बिडी काढली,
शाळा आहे म्हणून परत खिशात ठेवली.
उद्या येतो म्हणाला.

सोमवारी मी दाराशी उभी केली
वर्गातली सगळ्यांत बुटकी, दर्शिका भोईर.
टाचा वर कर, म्हटलं. हात ताण. अजून. अजून थोडा.
बोटांच्या टोकाशी पेन्सिलीनं रेघ मारली.
तिनं वळून आधी रेघ पाहिली, मग मला.
"बाई, मी वाढले?"
हो, म्हटलं.
मग काय, रांगच लागली दाराशी.
माझी पण, माझी पण,
ढकलाढकली, एकाची टाच दुसऱ्याच्या पायावर.

संध्याकाळी फरीद आला
तेव्हा दारावर एकतीस रेघा होत्या.
त्यानं काही विचारलं नाही.
वाकला, आणि सगळ्यांत खालची शोधली.