वेढे

पलंगाच्या नळ्या, फवारणीच्या पंपाचं इंजिन,
कुणाच्या तरी लूनाचं हँडल,
बसायला जुन्या बाकाची अर्धी गादी.
एवढ्यात ओजसची गाडी झाली.
गुडघ्याएवढी. उभी असली की लाजते,
चालू झाली की सगळ्या सोसायटीला शिव्या देते.

दिवा मात्र नव्हता.
सातनंतर काढायची नाही, मी म्हटलं.
त्याला वाटलं, आई गाडीला नाही म्हणतेय.
मी फक्त अंधाराला म्हणत होते.

त्याने सायकलचा डायनॅमो लावला,
त्याने टायर कुरतडून खाल्ला.
टॉर्च बांधली, ती पहिल्या खड्ड्यात उडून
गटाराला प्रकाश देत बसली.
मग एका रात्री, ताटातली भाजी चिवडत,
"आई, तू मकरपुऱ्याला काय करायचीस गं?"

सोळा वर्षांचा मुलगा.
एकोणीस वर्षं वाइंडिंगला होते मी तिथे.
पावणेसातची बस, डब्यात थेपले,
टेबलावर स्टेटर, आणि त्यानंतर स्टेटर.
पंख्यांचे, पाण्याच्या मोटारींचे.
फाटक बंद झालं तेव्हा हा बालवाडीत,
शेवटच्या पगाराची त्याला
निळी चप्पल आणली होती.

"वेढे द्यायचे," मी म्हटलं. "तांब्याचे. मोजून."
"किती?"
"ते आधी मोटार सांगते."

रावपुऱ्यातून तो एकवीस गेजची तार घेऊन आला,
भंगारातून लोखंडी पत्र्यांचा गाभा.
लाटणं पायात धरून त्यावर रीळ अडकवलं,
आणि बोटांनी मला विचारलंच नाही,
ती सुरू झाली.
तार ताणायची, पण दुखवायची नाही.
वेढ्याला वेढा टेकला पाहिजे,
चढता कामा नये.
एकशे सदतिसाला कुकरची शिट्टी झाली
आणि आकडा गेला.

सगळं उलगडलं.
ओजस म्हणाला, "अंदाजे धर ना."
त्याच्याकडे मी अशी बघितलं
की गॅस त्यानेच जाऊन बंद केला.

दोनशे वीस.
इंजिनाच्या चक्राला चुंबक होतंच,
कॉइल त्याच्यासमोर बसवायची,
चिकटू द्यायची नाही, लांबही नाही.
मध्ये किती जागा? फीलर गेज कुठलं घरात.
कपाटातून माझा गेटपास काढला,
पुठ्ठ्याचा, फोटोत मी दोन वेण्यांची,
तो फटीत धरला, स्क्रू आवळले,
ओढून घेतला.
तेवढीच जागा लागते.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा
ओजसने आनंदाने मूठ पिळली.
दिवा पिवळा झाला, पांढरा झाला, काळा झाला.
वरून भावसारकाका, "धीमे धीमे, भाई!"
मी म्हटलं, उसळेल ते जिरवायला काहीतरी हवं.
आता त्याच्याकडे रेग्युलेटर आहे,
चार डायोडचा ब्रिज,
आणि काकांच्या मेलेल्या यूपीएसची बॅटरी,
जी पूर्ण मेलेली नव्हती.

काल रात्री गरब्याच्या मैदानात
तो तीन फेऱ्या मारून आला.
लाल ठिपका पाण्याच्या टाकीमागे गेला की
मी मनात मोजत होते, सवयीने.
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास,
पन्नासला उजेड भिंतीवर आधी आला,
मग तो.

इंजिन बंद केलं.
कानात थोडा वेळ तेच वाजत राहिलं.
दिवा चालू.
"बघ," तो म्हणाला, "उभा राहिलो तरी लागतो."
समोर कुत्रं झोपलं होतं, त्याचे कान दिसत होते,
आणि माझे हात, कोपरापर्यंत.
तो हातांकडे बघत होता की
मला तसं वाटलं, माहीत नाही.

"विझव आता," मी म्हटलं.
"बॅटरी उतरेल."