ड्रायर नंबर तीन

ग्लेस बेच्या इस्पितळात, तळघरातल्या धुलाईखान्यात
रात्री अकरा ते सकाळी सात
तेस्फालेम चादरी वाळवतो आणि इंग्रजी वाढवतो.
सोपं त्याला येतं. थांब. चल. सही इथे. पुढचा.
एवढ्यावर तीन सरहद्दी आणि एक समुद्र पार झाला.
आता त्याला अवघड हवं आहे,
सुटाबुटातलं.

रोज एक शब्द. पांढऱ्या चिकटपट्टीवर
मार्करने लिहून तो यंत्रांना डकवतो,
स्वभाव बघून, बारसं केल्यासारखा.
सदा गुरगुरणारं मोठं धुलाईयंत्र: कँटँकरस.
इस्त्रीचा रूळ, ज्याच्या वाफेने चष्मा आंधळा होतो: ऑब्स्क्युअर.
कोपऱ्यातली, वायर तोडून ठेवलेली पिळणी: ऑब्सोलीट.
आणि ड्रायर नंबर तीन,
जो बटण दाबल्यावर आधी विचार करतो,
एकदा उसासतो, थांबतो,
लाथ बसली तरच फिरतो:
रिलक्टंट.

डोलेनाला या शब्दांचं सोयरसुतक नाही.
ती इथलीच. आजा खाणीत, बाप खाणीत,
खाण मिटली तसा भाऊ अल्बर्टाला, तेलावर.
तेस्फालेम म्हणतो, आज पर्जन्यवृष्टी अविरत आहे.
ती म्हणते, लई चिकचिक रे बाहेर.
तो म्हणतो, हे वस्त्र जीर्णावस्थेत आहे.
ती म्हणते, फाटलं. टाक.
"बँकेच्या पत्रासारखा बोलतोस तू,"
असं म्हणून चादरीची दोन टोकं त्याच्या हातात देते.

मार्चमध्ये तिने ते पत्रच आणलं,
डब्याखाली दडपून, एका कोपऱ्याला लोणी लागलेलं.
"तुझ्या भाषेत आहे," म्हणाली. "वाच."

त्याने वाचलं.
एकही शब्द अडला नाही.
फोर्थविथ. डिफॉल्ट. फोरक्लोजर.
नॉटविथस्टँडिंग, जो मिळाला त्या रात्री
तो केवढा खूश झाला होता:
तीन शब्द, एकाच कोटात!
कोण कुठल्या यंत्रावर लागला, तेसुद्धा आठवत होतं.
फक्त ते सगळे एका रांगेत
त्याने कधी पाहिले नव्हते,
टाय लावून, हात मागे बांधून,
एका बाईच्या दारात.

मग तो शब्दकोश उतरू लागला,
जिना उतरावा तसा, कठड्याला धरून.
जप्ती नको. ताबा नको. त्याखालचं. त्याच्याही खालचं.
तळाला तीन शब्द होते.
"त्यांना घर हवंय."

"कधी?"

"जूनमध्ये."

सांत्वनाचे इंग्रजीत त्याच्याकडे अकरा शब्द होते,
उच्चारासकट पाठ.
एकाच्याही अंगात ऊब नव्हती.
तोंडातून निसटलं ते आईच्या तिग्रिन्यातलं:
अजोखी.
बाईला म्हणायचं रूप.
अडलेल्या बाळंतिणीला म्हणतात,
पाण्याचा डबा पाठीवर घेऊन चढणीला थबकलेल्या पोरीला.
डोलेनाने अर्थ विचारला नाही.
आणि ज्याला दिसेल त्याचा अर्थ सांगायची खोड,
त्यानेही सांगितला नाही.
इतक्यात कँटँकरसची फेरी संपली,
ओली चादरं काढायची होती.

पुढे फुकटातला एक वकील मिळाला.
जून गेला. तारीख सप्टेंबरवर गेली.
घराचं म्हणाल तर अजून काही नक्की नाही.

परवा ड्रायर तीन पुन्हा अडला.
तेस्फालेम टोपली घेऊन आला तर
जुनी पट्टी कुणीतरी सोलून काढलेली,
तिच्या जागी नवी,
गिचमिड अक्षर, स्पेलिंग सगळं चुकलेलं.
डोलेनाने लाथ घातली, ठेवणीतली.
मग कोमट पत्र्यावर हात ठेवून
हळूच म्हणाली, अजोखी.

ड्रायर म्हणजे पुरुष की बाई,
तिथे कुठलं रूप लागतं,
हा प्रश्न त्याच्या अगदी जिभेवर आला होता.
त्याने बोचकं सोडलं
आणि चादरीची दोन टोकं तिच्यापुढे धरली.