सिस्टरचं मराठी

महादेवी सिस्टर मुधोळकडची.
खानापुरातून बस बदलून आमच्या वाडीत उतरली
तेव्हा तिच्याकडं मराठीतला एकच शब्द होता, बाई.
तोही ती बाप्यांनासुद्धा लावायची.

मग वाडीनं तिला शिकवलं,
एकेक दुखणं देऊन.
मष्णू गुरवानं धाप दिली.
बायजाबाईनं शिणक, चमक, आणि गुडघ्यातली कळ.
धाकलूची बायको म्हणाली, पायाला मुंग्या येतात,
तर हिनं खाटेखाली वाकून बघितलं.
एका सुनेनं मान खाली घालून सांगितलं, अंगावर जातंय,
सिस्टर विचारते, कोण जातंय? कुठं जातंय?
मी आशा. मी कानात सांगितलं.
तिनं दार लावून घेतलं, पोरीचा हात धरून बसली,
लाल गोळ्यांची पुडी बांधली.
हसली नाही.

आमच्याकडं बायका मी आलो, मी जातो म्हणतात.
पुण्याची पाहुणी असली की तोंडाला पदर लावते.
सिस्टरला तेच खरं वाटलं.
मी येतो गं शालन, पेटी भर.

निळी पेटी माझ्या खांद्यावर,
आत लस, लशीभोवती बर्फ,
बर्फाभोवती वैशाखातलं ऊन.
गवळीवाड्याला तीन ओढे.
तिसऱ्या ओढ्यात ती घड्याळ बघायची
आणि कानडीत काहीतरी पुटपुटायची,
देवाचं असावं. किंवा साहेबाचं.
वर दोन पोरं, एक झाडावर चढून बसलेलं.
त्यालाही टोचलं. खाली उतरवूनच.

त्या साली रात्री कुणीतरी
उपकेंद्राच्या फलकावर डांबर फासलं.
कुठल्या भाषेवर ते विचारू नका.
सकाळी नुसता बाण उरला होता.
बाणावरून तेरा गरोदर बायका आल्या,
वजनकाट्यावर चपला काढून उभ्या राहिल्या.

त्याच्या पुढल्या वर्षी रानात वानरं मरून पडली.
सिस्टर दारोदार तेलाच्या बाटल्या घेऊन,
पायाला लावा, हाताला लावा, मग रानात जा,
गोचीड चावली तर मला दाखवा, ज्वर आला तर लगेच.
ज्वर हा शब्द शिकवावा लागला नाही.
तो दोन्हीकडं तोच.

धाकलूची बायको लाकडाला गेली होती,
तेलाची बाटली देव्हाऱ्यात ठेवून.
जीप आली. बेळगावपर्यंत गेली. परत आली.

रात्री दिव्याखाली सिस्टर कागद भरत होती.
सगळं कानडी. ती मोठ्यानं वाचायची,
मला त्यातलं फक्त नाव ओळखू आलं,
वाडीचं आणि तिचं.
मग पेन थांबवून विचारलं,
जीपमध्ये शेवटी काय म्हणाली ती?
तहान लागलीय, म्हणाली.
त्याला कागदात रकाना नव्हता.
सिस्टरनं कडेला लिहिलं, कानडीतच,
आणि बोट ठेवून मला दाखवलं, हे बघ, हे तहान.
तेवढं एक कानडी मला वाचता येतं.

अकरा वर्षं. मग बदलीची ऑर्डर.
शाळेच्या पडवीत सतरंजी घातली,
नारळ, खण, फुटाणे.
सगळे म्हणाले, सिस्टर, दोन शब्द.
ती उभी राहिली. ओठ हलवले. बसली. परत उठली.
तिच्याकडं आनंदातला एक शब्द नव्हता मराठीत,
आम्ही दिलाच नव्हता कधी.
जे दिलं होतं त्यातच ती हुडकत होती,
जसं कपाटात हुडकायची, एक्सपायरी बघत बघत.

शेवटी म्हणाली,
दुखत कुठं नाही.
ताप नाही.
कसंतरीच होतंय.

सोमवारी नवीन सिस्टर येणार, रायचूरकडची म्हणे.
मष्णू आतापासूनच
पडवीत बसून खोकून बघतोय.